वाटेवर धरलेला नेम

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेवर आडवी भेग गेली आहे आणि ऊन वाढले की मी आपोआप बंद पडतो. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायला गोड नाही. तरीही ती तुम्हाला सांगायलाच हवी.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझे पहिले मालक बाळासो हे विट्याकडचे. कोइमतूरला त्यांचे सोने गाळायचे दुकान होते. भट्टीच्या धगीजवळ राहून माझा रंग उडाला. मग त्यांनी नवा मोबाईल घेतला आणि गावी आल्यावर मला विट्यातल्या जुन्या मोबाईलच्या दुकानात देऊन टाकले. तिथून आकाराम नावाच्या मेंढपाळाने मला आपल्या मुलीसाठी आणले. तिचे नाव प्रांजल. ती अकरावीत होती.

प्रांजलने मला फार जपले. आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवून ती मला त्यात ठेवायची. सुट्टीच्या दिवशी ती वडिलांबरोबर मेंढरे घेऊन आटपाडीकडच्या माळावर जायची. मेंढरे चरू लागली की बाभळीखाली बसून ती माझ्यावर खेळ खेळायची.

तो गोळीबाराचा खेळ होता. एका उजाड शहरात ती मोजक्या साथीदारांसह असायची आणि चार पायांवर धावणारी माणसे तिच्या अंगावर यायची. प्रांजल त्यांना ‘झपाटे’ म्हणायची. हे झपाटे इतके वेगवान होते की बंदुकीचा नेम धरेपर्यंत मानेवर येत. तिच्याकडे हातबाँब होते, पण टाकलेला बाँब फुटायला वेळ लागे आणि तेवढ्यात झपाटा तिथून निघून जाई.

“मेले गं बाई परत!” असे म्हणत ती पुन्हा सुरुवात करायची. पण ती चिकाटीची होती. हळूहळू तिने झपाट्यांची चाल ओळखली आणि मग एकदा सगळे झपाटे एका बोळात लोळवून तिने तो टप्पा जिंकला. माझ्यावर आनंदाचे संगीत वाजले. भुऱ्या, त्यांचा राखणीचा कुत्रा, दचकून भुंकू लागला.

शेजारी तिचा चुलतभाऊ तानाजी बसला होता. पुण्यातले कंपनीचे काम सुटून तो गावी आला होता.

“कसं केलंस गं?” त्याने विचारले.

“सोपं हाय, दादा. झपाटा हाय तितं बाँब टाकायचाच न्हाई. तो जिथनं येणार, तितं टाकायचा. मोकळ्या रानात ती पांगत्यात, बोळात एकामागं एक येत्यात. मग बोळाच्या तोंडाला उभं राहून आवाज करायचा. पिन काढली तरी बाँब लगेच सोडायचा न्हाई, जरा हातात धरायचा. म्हंजी पडला की फुटतोच. त्यास्नी पळायला सवडच न्हाई.”

“म्हंजी नेम वाटेवर धरायचा.”

“व्हय. आपण त्यांच्या मागं पळायचं न्हाई.”

तानाजी हसला नाही. तो समोरच्या ओघळीकडे पाहत होता. दोन खडकांमधून ती चिंचोळी ओघळ माळावर चढत होती.

“लांडगं बी तितनंच येत्यात, न्हव?” तो म्हणाला.

त्या उन्हाळ्यात लांडग्यांनी आकारामची कोकरे नेली होती. तानाजीने स्वतः वाढवलेले शेळीचे एक पाठरूही त्यात गेले होते. तो पेटून उठला होता, पण आकाराम त्याला सारखे समजावत. “तान्या, लांडगा त्याचा वाटा न्हेतोच. आपल्या बापजाद्यांनीबी सोसलं. भुऱ्या हाय, आपुन हाय. राखण वाढवू.”

मित्रांनो, मी फक्त मोबाईल. मला ऐकू येते, पण ओरडून कुणाला सावध करता येत नाही. तानाजीने माझ्यासमोर आणखी एकच प्रश्न विचारला. “आणि चुकून आपलंच कोण बोळात शिरलं तर?”

“खेळात आपल्या माणसाला लागतच न्हाई,” प्रांजल सहज म्हणाली.

काही दिवस गेले. एका दुपारी वारा पडला होता. मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. प्रांजल मला हातात घेऊन खेळत होती. भुऱ्या उठला, त्याने नाक उंच करून हवेत वास घेतला आणि तो ओघळीकडे चालू लागला.

समोरून येणाऱ्या तानाजीने ते पाहिले. “भुऱ्या! माघारी फिर! प्रांजे, हाक मार त्याला!” तो धावत सुटला.

प्रांजल उठून उभी राहिली. तिने हाक मारण्याआधीच ओघळीत स्फोट झाला.

माझ्यात हजारो स्फोट झाले आहेत. तसला आवाज मी कधी काढला नव्हता. मी प्रांजलच्या हातातून दगडावर पडलो. ही भेग तेव्हाची आहे. मेंढरे चौखूर उधळली. धुरळा खाली बसला, तेव्हा भुऱ्या ओघळीत मरून पडला होता आणि तानाजी गुडघ्यांवर बसून रडत होता.

“डुकरांसाठी ठेवत्यात तसलं, चावलं की फुटणारं गोळं हायती,” तो म्हणाला. “पीठ लावल्यालं. लांडग्यांच्या वाटंवर ठेवलं होतं म्या.”

“अजून हायती?” धावत आलेल्या आकारामने विचारले.

तानाजीने होकारार्थी मान हलवली आणि तो उठून ओघळीकडे निघाला. “म्या काढतो.”

प्रांजलने त्याचा सदरा दोन्ही हातांनी धरला. “न्हाई जायचं, दादा! कुनीच न्हाई जायचं!”

“सोड मला. माझंच पाप हाय.”

“म्याच तुला वाट दावली. तू मेलास तर मी आयुष्यभर काय करू?”

तिने त्याला सोडले नाही. तशीच त्याला धरून तिने वडिलांना माझ्यावरून पोलिसांना फोन लावायला सांगितले. माझी काच फुटली होती, तरी मी तो फोन लावला. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले काम. त्याच ओघळीच्या वरच्या अंगाला प्रांजलची आई रंगुबाई सरपण गोळा करत होती आणि भारा घेऊन ती तिथूनच खाली उतरणार होती. आकारामने ओरडून ओरडून तिला लांबच्या वाटेने वळवले.

पोलीस आले. दुसऱ्या दिवशी सांगलीहून बाँब निकामी करणारे पथक आले. तानाजीने लांबूनच बोट करून एकेक जागा दाखवली आणि जवानांनी गोळे उचलले. शेवटच्या जागी मात्र काहीच नव्हते.

“तितंच ठेवला होता, साहेब. त्या निवडुंगाच्या बुडात.”

“एखाद्या जनावरानं तोंडात धरून नेला असेल,” साहेब म्हणाले. “चावला नाही, म्हणून फुटला नाही. कुठं टाकला, कोण सांगणार?”

त्यांनी पुष्कळ शोधले. तो सापडला नाही. तानाजीला पोलिसांनी गाडीत बसवून नेले. जाताना त्याने आकारामच्या पायांवर डोके ठेवले. आकारामने त्याला उठवले.

प्रांजलने तो खेळ माझ्यातून काढून टाकला. आता ती माझ्यावरून फक्त फोन करते. माळावर नवा कळप दिसला की ती त्या मेंढक्याला गाठून सांगते, “आवं मामा, त्या अंगाला नका जाऊ.”

मित्रांनो, खेळ खुशाल खेळा. पण रानात, बांधावर, उसाच्या कडेला पिठाचा अनोळखी गोळा दिसला, तर त्याला हात लावू नका, पायाने ढकलू नका, कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नका. मागे फिरा आणि मोठ्यांना सांगा. आणि तुम्हाला एखादी युक्ती विचारणारा माणूस हसत नसेल, तर ती त्याला कशासाठी हवी आहे हे आधी विचारा.

यंदा पाऊस बरा झाला. सगळा माळ मेंढरांनी खाऊन उघडा केला आहे. फक्त त्या ओघळीत कुणी चारत नाही, म्हणून तिथले गवत कमरेइतके उंच आणि हिरवेगार वाढले आहे. मेंढरे लांबून त्याच्याकडे टक लावून पाहतात, आणि प्रांजल काठी आडवी धरून दिवसभर उभी असते.