शरणम्माची गोळी आणणारी वहाण

मी एक जुनी वहाण आहे, डाव्या पायाची, तामलवाडीच्या वीरप्पांची. मित्रांनो, नाक मुरडू नका! एके काळी मला पायापेक्षा नाकाशी जास्त मान होता.

वीरप्पांची लेक शरणम्मा आठ वर्षांची. तिचा डावा हात जन्मापासून बारीक, आणि तिला झटके येत. झटका आला की एकच ओरड व्हायची, "पायताण आणा, पायताण!" मग मला तिच्या नाकाशी धरत. दोन-तीन मिनिटांत झटका थांबे आणि शेजारच्या लक्ष्मम्मा म्हणत, "लई गुणाचं पायताण हाय!" मी अशी काही फुगायचे म्हणता!

पण झटके पुन्हा येतच. एकदा शाळेत आला, तेव्हा गुरुजींनी तिला घरी बसवलं. बिचारी शाळेच्या भिंतीआड उभी राहून पाढे म्हणायची. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी वीरप्पांनी तिला मोटारीनं सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आईच्या पोटातच हिच्या मेंदूचा एक भाग नीट घडला नाही. असं क्वचित होतं. झटका आपोआप थांबतो, वहाणेनं नाही! तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. आणि ही गोळी रोज द्या, एकही दिवस चुकवू नका."

अरे देवा! माझा सगळा तोरा उतरला.

गोळीनं झटके थांबले. गुरुजी म्हणाले, "महिना असाच गेला तर येऊ दे शाळेत." आणि अठ्ठाविसाव्या दिवशी गोळ्या संपल्या! सकाळची मोटार आलीच नाही.

"चालत जातो," वीरप्पा म्हणाले आणि मला पायात चढवलं. सात कोस जायचं, सात कोस यायचं! काय पळालो आम्ही! येताना माझा अंगठाच तुटला. वीरप्पांनी तो सुतळीनं बांधला आणि पुन्हा झपझप निघाले. दिवेलागणीला पोचलो, तर शरणम्मा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी!

महिना सुखरूप गेला. शरणम्मा शाळेत बसली, तीही पहिल्या रांगेत!

पुढं नवा जोड आला. लक्ष्मम्मा म्हणाल्या, "ते जुनं द्या आता फेकून."

शरणम्मानं मला छातीशी धरलं. "न्हाय! ह्या पायताणानं माझी गोळी आणलीया."

मित्रांनो, तेव्हा मला रडू आलं. एवढंच सांगते, कुणाला झटका आला तर मला त्याच्या नाकाशी धरू नका. त्याला कुशीवर वळवा, आणि झटका थांबला की मला पायात घालून औषध आणायला पळा!