दोन जिने वर

निवडणूक पुढे ढकलली गेली ती मतदार यादीपायी. यादीत मेलेली माणसं सुखाने नांदत होती आणि धडधाकट माणसांचा पत्ता नव्हता. मग यादी नव्याने तपासायची ठरली, आणि असलं काम निघालं की सरकारला शिक्षकच आठवतात. आमचा वॉर्ड आमच्याच इमारतीतल्या बाईंच्या गळ्यात पडला.

बाईंनी काम चोख केलं, हे आधी सांगतो. दारोदार फिरल्या, कुत्री अंगावर घेतली. घर बंद दिसलं की पुन्हा गेल्या. तरीही बंद, तर शेजाऱ्याची सही घेऊन मगच 'स्थलांतरित' लिहिलं. फक्त स्वतःची इमारत शेवटी ठेवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून उरकली. जिथे कुणाच्या घरी काय शिजतंय ते जिन्यातच कळतं, तिथे कसली दारं ठोठावायची?

"वरच्या सिस्टर?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"लेकीकडे गेल्यात ना बाळंतपणाला. आता कसल्या येतायत, नातवाला सोडून!"

बाईंनी 'स्थलांतरित' लिहिलं, नवऱ्याने शेजारी म्हणून सही ठोकली, कागद कचेरीत गेले. दुसऱ्याच दिवशी सिस्टर जिन्यात भेटल्या, हातात भाजीची पिशवी. त्या आधीच परतल्या होत्या. कचेरीत जाऊन चूक सांगायची, तर न जाता नोंद केली हेही सांगावं लागणार. कच्ची यादी लागेल, सिस्टर हरकत घेतील, होईल दुरुस्त, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सिस्टर म्हणजे बंद पडलेल्या दवाखान्यातल्या नर्स. तो दवाखाना उघडायचाच, या हट्टापायी त्या वॉर्डातून उभ्या राहणार होत्या. कच्ची यादी शाळेच्या भिंतीवर लागली. कुणीतरी त्यांना म्हणालंही, एकदा नाव बघून घ्या.

"अहो, यादी आमच्या बाईंनी केलीय," सिस्टर म्हणाल्या. "मी काय बघायचं त्यात?"

हे बाईंच्या कानावर आलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पण तोंडही उघडलं नाही.

अर्ज भरायला गेलेल्या सिस्टरना खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, यादीत नाव नाही, म्हणजे उभं राहता येणार नाही, आणि हरकतीची मुदत संपली. सिस्टर तडक चौकात आल्या. तिथे वॉर्डाचे सध्याचे नगरसेवक उभे होते. सदा दात दिसतात म्हणून आम्ही त्यांना हसरे म्हणतो. माझं नाव यांनीच काढलं, म्हणत सिस्टरनी त्यांना बायकोदेखत, चारचौघांत चोर म्हटलं. त्या दिवशी हसरे हसले नाहीत.

संध्याकाळी सिस्टर बाईंच्या घरी आल्या. "बाई, तुम्ही फक्त लेखी द्या. तुम्ही माझं नाव ठेवलं होतं, मी इथेच राहते, एवढंच. मग बघतेच त्याच्याकडे."

बाईंच्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. बाई रडायलाच लागल्या.

"मी वर आलेच नाही हो. इथेच बसून 'स्थलांतरित' लिहिलं."

"आणि मी परत आलेय हे कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. जिन्यात."

सिस्टर दाराकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

"म्हणजे त्या माणसाला मी उगाच चोर म्हटलं," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या. "चला."

हसरेंनी स्वतःच दार उघडलं. सिस्टर उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या. "माफ करा मला. माझं नाव तुम्ही काढलेलं नाही."

"मग कुणी काढलं?"

सिस्टर जिन्याकडे वळल्या. त्यांनी बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंना वाटलं, पळून जावं.

"मी," बाई म्हणाल्या.

हसरेंना क्षणभर उमजलं नाही. मग त्यांचा चेहरा खुलला. सिस्टर नसल्या तर समोर उभं राहायला दुसरं होतं कोण?

सिस्टर एव्हाना जिना उतरू लागल्या होत्या.

"अहो बाई, बाहेर काय उभ्या? आत या!" हसरे म्हणाले, आणि आत वळून बायकोला हाक मारली. "अगं, खुर्ची आण आधी. बाई आल्यात आपल्या."