गाडीला सांगितलेलं

ओठांत धरलेली टाचणी जिभेला टोचली, लोखंडाची गार चव तोंडभर झाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपला हात थांबलाय. मशीनचं चाक थांबलंय, पँटची दुमड सुईखाली तशीच अर्धवट... आणि आपण वाट बघतोय. कशाची? तर गाडीची! जी बंद पडून इतकी वर्षं झाली की रुळांमधून झाडं उगवली, माणसापेक्षा उंच झाली, आणि आता त्याच झाडांची बाग करून आज ती लोकांना खुलीसुद्धा होतेय — त्या गाडीसाठी हा हात अजून थांबतो. हाताला कोण सांगणार? डोक्याला सांगून तरी काय उपयोग झालाय म्हणा.

तिसऱ्या मजल्यावरचं हे स्वयंपाकघर आणि बाहेरचा तो गाडीचा लोखंडी पूल अगदी एका पातळीत. खिडकीतून हात लांब केला तर कठड्याला लागेल असं वाटायचं. गाडी आली की फडताळातले कप वाजायचे, सुई थरथरायची, टाका वाकडा पडायचा. म्हणून आईच्या वेळेपासूनचा या घराचा नियम — गाडी आली की मशीन थांबवायचं. बोलणं मात्र थांबवायचं नाही. आई आणि आत्या भांडत असल्या आणि मधेच गाडी आली, तर त्या थोड्याच थांबणार? आवाज गाडीचा, तोंडं यांची — हातवारे चालू, डोळे वटारणं चालू, आणि गाडी गेल्यावर भांडण थेट पुढच्या पानावर. कोण काय बोललं ते दोघींनाही बरोब्बर कळलेलं. आणि लहानपणी टेबलाखाली बसलेल्या तिलाही. ओठ वाचायला तिला कुणी शिकवलं नाही. या घरातल्या मुलीला ते चालण्याबरोबर यायचं.

आणि नवऱ्याला? तो तर बाहेरून आलेला. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा, डोळे तपासणारा, दिवसभर लोकांच्या नाकावर जड चौकट ठेवून एकेक काच बदलत मऊ आवाजात विचारणारा — आता दिसतंय? ही बरी, की आधीची? जागा तिच्या वडिलांची, म्हणून लग्नानंतर तोच इथे राहायला आला. घरजावई. आत्या तर तोंडावर म्हणायची, “जावईबापू, दार हळू लावा हं, दार आमचं आहे.” तो हसायचा. तो नेहमी हसायचा, त्यामुळे त्याच्या मनात काय आहे याचा थांग कुणाला लागत नसे.

तिला लागला, तो एका सकाळी. तो बूट घालून दाराशी उभा होता, ती खिडकीपाशी मशीनवर, तोंडात टाचण्या. गाडी आली, कप वाजायला लागले, आणि त्या सगळ्या धडधडाटात तो तिच्याकडे बघत सावकाश म्हणाला, “या घरात श्वास घ्यायचा तरी विचारून घ्यावा लागतो.” शब्द न् शब्द तिला दिसला. गाडी गेली. तिने टाचण्या काढून विचारलं, “काय म्हणालात?”

“काही नाही,” तो हसून म्हणाला, “गाडीला सांगितलं.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं — अहो, मला कळतं, या घरात सगळ्यांनाच कळतं. पण नवं लग्न, आणि वाक्य असं! त्याला किती ओशाळं वाटलं असतं. शिवाय... शिवाय खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. न विचारता कळणं. रुसवाफुगवा नाही, खोदून विचारणं नाही. रोज सकाळी एक गाडी यायची आणि या गप्प, हसऱ्या माणसाच्या मनातलं एखादं वाक्य तिच्या पदरात टाकून जायची. सांगितलं तर तो बोलणंच बंद करेल. मग ती रोज त्या वेळेला टाचण्या तोंडात धरून बसायला लागली. काम असो नसो.

काय काय ऐकलं तिने! ऐकलं कसलं, पाहिलं. चहा पाणचट होता, असं त्याने गाडीला सांगितलं की दुसऱ्या दिवशी चहा कडक व्हायचा, आणि तो पहिला घोट घेऊन कपातच हसायचा. निळ्या कपड्यांत तू किती छान दिसतेस, असं सांगितलं तेव्हा तिने निळं इतकं वापरलं की आत्या म्हणाली, “दुसरे रंग संपले का गं बाजारातले?” धाकटी पोटात असताना ती आजारी होती तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला होता, तुला काही झालं तर मी या लोकांत काय करू. तिने मान खाली घातली होती. डोळे भरून आले होते, आणि टाचण्या तोंडात... आणि मग ते दुसरं. बरंच नंतरचं. आई गेली होती, आत्या गेली होती, मुली लग्न होऊन गेल्या, धाकटी गावाच्या दुसऱ्या टोकाला, घरात दोघंच. “मला तुझ्या गप्प बसण्याचा कंटाळा आलाय,” असं तो म्हणाला, अगदी शांतपणे, तपासणीच्या आवाजात — म्हणजे आवाज आलाच नाही, पण तिला तो माहीत होता. चहा पाणचट असेल तर पत्ती वाढवता येते. याला काय वाढवणार?

तिने काहीच केलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा ती जास्त वेळ मशीनवर बसली, इतकंच.

मग गाडी बंद झाली. शेवटच्या दिवशी सगळी गल्ली खिडक्यांत लोटली होती, लोक रुमाल हलवत होते, ज्यांनी जन्मभर गाडीला शिव्या घातल्या ते डोळे पुसत होते. तो नेहमीच्या जागी दारात. गाडी अगदी हळू गेली, शिट्टी देत देत, आणि तो म्हणाला, “आता मी बोलू कुठे?”

ही खाली बघत राहिली. तोंडात टाचण्या होत्या ना.

त्यानंतर घरात शांतता. सुरुवातीला बरी वाटली, मग कानाला त्रास व्हायला लागला. तो बोलायचा — दूध आणू का, दिवा गेलाय, धाकटीचा फोन होता — आणि हसायचा. पण ते एक वाक्य, सकाळचं, ते कुठे जात होतं? गिळत असेल. की उरलंच नसेल? तिला त्याच्या मनातलं काही म्हणजे काही कळेनासं झालं, आणि विचारायची सवय तर तिने कधी लावूनच घेतली नव्हती.

आणि आज सकाळी त्याने बॅग भरली. छोटीच. दोन शर्ट, दाढीचं सामान, गोळ्या.

“थोडे दिवस धाकटीकडे राहून येतो,” तो म्हणाला.

“किती दिवस?”

“बघू.”

“तब्येत ठीक आहे ना तिची?”

“तिची ठीक आहे.”

तिची. मग कुणाची नाही? ती दुमडीला टाचण्या लावत राहिली. जा म्हणावं की नका जाऊ म्हणावं... याला काय हवंय? अडवलेलं हवंय का? आणि आपण अडवलं आणि त्याला खरंच जायचं असलं, तर तो हसून राहील, राहील आणि मरेपर्यंत हसत राहील, आणि ते तर नकोच. गाडी असती तर कळलं असतं. परत येणार की नाही, एवढं तरी.

“वरूनच जातो,” तो म्हणाला. “बागेतून. सरळ रस्ता आहे, थेट तिच्या गल्लीपर्यंत. तू येतेस पोचवायला? बाग बघशील.”

“ही पँट संध्याकाळी द्यायचीय.”

“हं,” तो म्हणाला.

पँट परवा द्यायची होती.

दुपार कलताना बागेच्या कामावरची ती मुलगी येऊन गेली, पायात चिखलाचे बूट, डोक्यावर पिवळी टोपी. सगळं तयार होतं. रूळ तसेच ठेवलेत, मधे फळ्या टाकल्यात, आपोआप उगवलेली झाडं उपटली नाहीत. “काकू, एक तेवढं राहिलंय. तुमच्या खिडकीसमोर जाळी उभी करून वेल चढवू का? लोक येता-जाता आत बघणार. बाकीच्या सगळ्यांनी लावून घेतलीय.”

ती हो म्हणणारच होती. तर आतून तो आला, बूट घातलेला, आणि म्हणाला, “नको. ही उघडी राहू दे.”

“अहो, पण लोक—”

“राहू दे,” तो म्हणाला. ती मुलगी बरं म्हणून गेली. हिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. निघून जाणारा माणूस, आणि खिडकी उघडी ठेवायला सांगतोय! राहणार कोण इथे? लोकांच्या नजरा झेलणार कोण? पण तिने पुढची टाचणी लावली. हातात पँट होती. त्याने बॅग उचलली, दार लावलं — हळू, अजूनही हळू — आणि जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली.

आता संध्याकाळचं ऊन पुलावर आडवं पडलंय आणि लोकच लोक. एरवी रिकाम्या असलेल्या त्या पट्ट्यावर बाबागाड्या, म्हाताऱ्या, हातात हात घातलेली दोघं, रुळावर तोल सांभाळत चालणारी पोरं. गाडीच्या आवाजासाठी पक्क्या बसवलेल्या जाड दुहेरी काचेतून काही ऐकू येत नाही, नुसती तोंडं हलतात. आणि तिला सगळं कळतंय! कुणी म्हणतंय पाय दुखले, कुणी म्हणतंय पाणी कुठे मिळेल, एक बाई नवऱ्याला म्हणतेय, ती बघ कशी बसलीय, फोटोतल्यासारखी. बसू दे. बसलेय. तिने टाचण्या तोंडात धरल्या आणि चाकावर हात ठेवला. तो इथूनच जाणार. मान वर करायची नाही, असं तिने ठरवलं. जाऊ दे. ज्याला जायचंय त्याने जावं.

मान वर झालीच.

तो समोर उभा होता. बॅग बाकावर ठेवलेली. आधी एका झाडाच्या सावलीत उभा राहिला, मग आजूबाजूला बघून दोन पावलं सरकला, थेट उन्हात, आणि चेहरा खिडकीकडे वळवला. हे सरकणं तिच्या ओळखीचं होतं. दारातसुद्धा तो असाच उभा राहायचा, जिथे खिडकीचा सगळा उजेड तोंडावर येईल अशा जागी. ज्याला आपलं बोलणं कुणाला कळायला नकोय, तो माणूस उजेडात कशाला येईल?

तिचा हात आपोआप चष्म्याला लागला. डोळे अधू झाले तेव्हा त्यानेच करून दिलेला. खालची काच सुईसाठी, आणि वरची... तिने तेव्हा कुरकुर केली होती, अहो, शिवायला जवळचा हवा मला, ही वरची कशाला? तो काच पुसत म्हणाला होता, “दारापर्यंत दिसायला.” दारात बघण्यासारखं काय आहे, असं म्हणून ती हसलीसुद्धा होती. अगं बाई... म्हणजे तेव्हापासून? की त्या पहिल्या कडक चहापासून? म्हणजे मी चोरून घेत होते असं मला वाटत होतं, आणि तो रोज ते माझ्या हातात देत होता... देऊन थांबत होता. गाडी निघून जाईपर्यंत. मी काहीतरी म्हणेन म्हणून.

पुलावर लोक त्याला वळसा घालून जात होते. त्याचे ओठ हलले, सावकाश, दुकानातल्यासारखे.

“दिसतंय?”

तिची मान हलली. गिऱ्हाइकांची हलते तशी, नकळत. त्याने ते पाहिलं. हसला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हसत नव्हता, आणि त्याचा चेहरा म्हातारा आणि फार खरा दिसत होता.

“जाऊ?” तो म्हणाला. मग मधे थांबला, काच बदलताना थांबायचा तेवढंच. “की थांबू?”

तिने तोंडातली एक टाचणी काढली, मग दुसरी, मग उरलेल्या सगळ्या एकदम तळहातावर घेतल्या. तोंड एकदम रिकामं, पोरकं झालं. काचेतून आवाज पोचणार नव्हता. बाहेरून आलेल्या या माणसाला आपले ओठ वाचता येतात का, हे तिला माहीत नव्हतं. त्याच्यासमोर तिने ते असे, आवाजावाचून, कधी हलवलेच नव्हते. नीट म्हणायला हवं होतं, सावकाश, उजेडाकडे तोंड करून, आणि म्हटलेलं त्याला कळलंच नाही तर? हीच भीती घेऊन तो इतकी वर्षं रोज सकाळी दारात उभा राहत होता. एकटा. ती खुर्चीवरून उठली आणि काचेच्या अगदी जवळ, जिथे ऊन पडलं होतं तिथे, येऊन उभी राहिली.