हॉलोवेल स्टेशनचा कार्यक्रम

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नपासून अर्ध्या तासावर हॉलोवेल म्हणून गाव आहे. गाव म्हणजे एक चर्च, एक गॅस स्टेशन आणि गाड्या केव्हाच बंद झालेलं एक लाकडी रेल्वे स्टेशन. शेजारी डेटा सेंटर येणार म्हणून काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, स्टेशन पाडायला काढलं. रविवारच्या सभेत त्याचा इतिहास काउंटीच्या अधिकारी मॅडमना पटला, तरच ते वाचणार होतं.

मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या गिरीश उपासनीच्या जिवाला हे लागलं. सभेची जबाबदारी त्याने मागून घेतली. काम सोपं होतं. शेवटच्या स्टेशनमास्तरांची मुलगी, नव्वदीच्या मिसेस टकर, यांना सगळं तोंडपाठ होतं. त्यांना खुर्ची द्यायची आणि आपण गप्प बसायचं.

पण गिरीश महाराष्ट्र मंडळाचा माजी अध्यक्ष होता.

"अरे, त्या बाईंना आधी बोलू दे," इला, त्याची बायको, म्हणाली.

"दीपप्रज्वलनाच्या आधी? काहीतरीच काय!"

दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. प्रास्ताविकात गिरीशने वेळेचं महत्त्व सविस्तर सांगितलं. मग शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाले: मॅडमचा, मिसेस टकरांचा आणि समोसे स्पॉन्सर करणाऱ्या रिअल इस्टेट एजंटचा. एजंटने उत्तरादाखल व्याजदरांवर दोन शब्द सांगितले. ते बरेच निघाले. अखेर मिसेस टकर उठल्या, "माझे वडील..." एवढं म्हणाल्या, तोच मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुसरी मीटिंग होती. नारळ काखोटीला मारून त्या गेल्या.

"झालं समाधान?" इला म्हणाली. गिरीश घरी जाऊन न जेवता झोपला.

पुढच्या आठवड्यात काउंटीची ईमेल आली. स्टेशन पाडू नये. तिथे एका समाजाचा प्राचीन विधी चालतो, मॅडमनी तो स्वतः पाहिला आहे. मात्र विधी दरवर्षी तिथेच व्हावा आणि त्यात काडीचाही बदल नसावा.

"हे खोटं आहे रे," इला म्हणाली. "कळव त्यांना."

"कळवलं की बुलडोझर आलाच."

त्याने काही कळवलं नाही. मिसेस टकरांना मात्र फोन करून सगळं वाचून दाखवलं.

"म्हणजे मी पुढच्या वर्षीही 'माझे वडील' म्हणून खाली बसायचं?"

"नियमाने तसंच होतं," गिरीश ओशाळून म्हणाला.



"पण स्टेशन राहील ना?"

"राहील."

"मग बसेन," म्हातारी म्हणाली.