पुतण्याची पालक

माझ्या थोरल्या लेकाला पावडरची चटक लावली ती माझ्याच पुतण्यानं. लेक गेला. पुतण्या मात्र व्यसनमुक्ती केंद्रात आयतं खाऊन पडलाय. तिथं दर आठवड्याला पेशंट आणि त्यांच्या घरच्या माणसांचा वर्ग भरतो. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, पोटचा असून मला त्याचं तोंड बघवत नाही."

"मला बघवतं," म्हटलं. "मी जाते."

कुजताना बघायचं होतं मला त्याला. सुरुवातीला डोळे निवले. मान खाली, नाकावर माशी बसली तरी हात उचलायचा नाही. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, नशा सुटली की मन खचतं, तो आळस नव्हे, आजार आहे, त्यालाही औषध आहे. मी मनात म्हणायचे, खचू दे, पार तळाला जाऊ दे.

आज मात्र गडी दाढी करून, केस विंचरून हसत आला. अंगाची लाही लाही झाली माझ्या. माझं लेकरू मातीत आणि ह्याला हसू?

"काकू, दादाबद्दल माफ करा," म्हणाला. "आणि हे माझं घड्याळ ठेवा. मला आता नको."

"मेल्या, घड्याळानं लेक परत येतो काय माझा?" म्हणत मी ते पिशवीत टाकलं. चोराच्या हातची लंगोटी!

वर्ग सुरू झाला. बाई म्हणाल्या, "खचलेला माणूस एकाएकी शांत झाला, माफी मागत फिरला, आवडत्या वस्तू वाटू लागला, तर बरा झाला म्हणून खूश होऊ नका. त्यानं मरायचं ठरवलेलं असू शकतं. सरळ विचारा. विचारल्यानं कुणी मरत नाही."

मी शेजारी बघितलं. तो खिडकीबाहेर बघून हसतच होता. नुसती गप्प बसले असते, तर सूड आयता हातात पडत होता. पण हा हसत हसत जाणार आणि लेकाची रिकामी खाट मी एकटीनं बघत बसायची? हा कुठला न्याय?

कॉलर धरली त्याची. "काय रे, मरायचं ठरवलंयस?"

त्याचं हसू गळालं. "हो, काकू."

"बाई, धरा ह्याला! मुडद्या, मरून सुटायचं नाही. औषध घ्यायचं, जेवायचं आणि लख्ख शुद्धीत राहून माझ्या लेकाला आठवायचं. म्हातारा होईस्तोवर!"

तो लहान पोरासारखा रडायला लागला. बाईंनी त्याला आतल्या खोलीत डॉक्टरांपाशी नेलं. परत येऊन म्हणाल्या, "मावशी, जीव वाचवलात त्याचा."

"शिक्षा वाढवली," म्हटलं.

आणि खुर्ची ओढून त्या खोलीच्या दारातच बसले. जाऊला निरोप धाडलाय, येईल तेव्हा येईल. तोवर हा माझ्या नजरेआड होत नाही.