अश्लेषाचं नवं इंजिन

अमरावतीची वकील अश्लेषा दोन वर्षांनी अकोल्याजवळच्या हौशी ट्रॅकवर गाडी पळवायला परतली. जुन्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. ते निवडलं होतं नवऱ्याने. अद्वैत संस्कृतचा प्राध्यापक, त्यामुळे इंजिनातलं त्याला कळणारच!

पहिल्या फेरीला मार्गदर्शनासाठी तो शेजारी बसला. "घाबरू नको, मी आहे," म्हणाला.

अश्लेषाने जुन्या सवयीने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. आधीचं इंजिन विनवण्या केल्यावर हलायचं. हे मात्र उधळलंच. वळणावर गाडी गर्रकन फिरली आणि गवतात उलट्या तोंडाने थांबली. इंजिन बंद पडलं, मार्गदर्शनही.

झेंडा घेऊन उभे असलेले खुशालराव धावत आले. "काही लागलं काय मॅडम?"

"मले काही नाही झालं. यायले विचारा," अश्लेषाने अद्वैतकडे बोट दाखवलं.

अद्वैतने घाम पुसला. "इंजिन उत्तम आहे. चूक चालवणाऱ्याची."

अश्लेषाने हात लांब करून त्याच्या बाजूचं दार उघडलं. "उतर. गाडीत वजन फार झालं."

मग ती एकटीच निघाली, पाय जपून टाकत. सगळ्या गाड्या तिला मागे टाकून गेल्या. पण पुढच्या फेरीला त्याच वळणातून गाडी अलगद बाहेर पडली, तेव्हा ती एकटीच मोठमोठ्याने हसत सुटली.