ब्रदर सायरसची शांतिपेटी

रविवारी प्रार्थना आटोपली की आमचं अर्धं गाव नेमबाजीच्या मैदानावर असतं. त्या रविवारी उरलेलं अर्धंही आलं. अमेरिकेतल्या आमच्या मोंटाना राज्यभर नाव गाजवून आलेले फिरते धर्मोपदेशक ब्रदर सायरस काडतुसांना शांती देणार होते.

आधी त्यांनी दुकानातली पाच काडतुसं झाडली. भोकं कागदभर विखुरली. मग आपल्या तांब्याच्या शांतिपेटीतून आणखी पाच काढून झाडली, तीही त्याच डब्यातली आहेत असं सांगून. पाचही गोळ्या जवळपास एकाच भोकात. लोकांनी आदरानं टोप्या काढल्या.

"गोळीच्या मनात शंका असते, बंधूंनो. पेटीत क्षणभर निजली की शंका जाते," ब्रदर म्हणाले. गोळीला मन असतं हे मला नवीनच होतं.

जिल्ह्याच्या नेमबाजीच्या सामन्यात आमच्या गावच्या हार्लनला त्याचा मेव्हणा दरसाल हरवतो. पेटीच्या बदल्यात तो आपली ज्युनिपर नावाची घोडी द्यायला निघाला होता. शिंगरू असताना तिला त्यानंच बाटलीनं दूध पाजलेलं. मला त्याचा राग आला आणि कीवही.

तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सोरेनसनबाई पुढे झाल्या.

"ब्रदर, दुकानातल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गवतात टाकल्यात. पेटीतल्या तेवढ्या वेचून खिशात का घातल्यात?"

"सवय, बाई."

"घरी काडतुसं भरणाऱ्याची सवय."

आमच्याकडे निम्मे लोक झाडलेल्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी पुन्हा घालून घरीच काडतुसं भरतात. वाकून पुंगळ्या वेचणारा माणूस आम्हाला इतका रोजचा की नजरेत भरतच नाही.

बाईंनी हार्लनच्याच डब्यातली काही काडतुसं पेटीत ठेवली, काही स्वतःच्या जेवणाच्या डब्यात. कुठली कुठली हे न सांगता त्याला झाडायला लावली. दोन्ही कागदांवर भोकं सारखीच विखुरली. इथल्या हवेत अविश्वास फार आहे, असं ब्रदर पुटपुटले.

"खिसा उलटा करा," हार्लन म्हणाला.

पुंगळ्या बाहेर आल्या. ब्रदरच्याच रायफलीत आधी झडून तिच्या मापाला बसलेल्या, तोंडं एकसारखी कापलेल्या. प्रत्येकीत दारू तोलून भरायची, गोळी सारखीच खोल बसवायची. मग प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटते आणि तिच्याच जागी लागते, बाईंनी सांगितलं. काम चोख होतं, फक्त ते पेटीच्या नावावर खपवलं होतं.

"म्हणजे मलाही जमेल?" हार्लननं विचारलं.

"तोलायला शिक. चिकाटी लागेल."

हार्लन घोडीचा लगाम धरून घरी निघाला. आम्हाला इतका आनंद झाला की ब्रदर कधी सटकले ते कळलंच नाही.

चमत्कार दाखवणारा कुणी तुमच्याही गावात येईल. त्याला हात जोडण्याआधी आपल्या खिशातलं काडतूस पुढे करा आणि म्हणा, आता यानं करून दाखवा.